आव्हिन्योंचा नाताळ : पोपांचा वाडा आणि मातीची माणसं

बुधवार

लिऑनहून दक्षिण फ्रान्समधलं आव्हिन्यों टीजीव्ही या वेगवान गाडीने तासा-सव्वा तासावर. ही गाडी गावाबाहेरच्या नव्या स्टेशनावर उतरवते आणि तिथून एक छोटी लोकल पाच मिनिटांत तटबंदीच्या दाराशी आणून सोडते. साताऱ्याची मावशी हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आली होती. बर्फाची तयारी म्हणून तिने दोन स्वेटर, एक शाल आणि कानटोपी घातली होती. बर्फ इथे क्वचितच पडतो. इथे वारा असतो. आल्प्स आणि मधल्या फ्रान्सच्या डोंगरांच्या बेचक्यातून ऱ्होन नदीच्या खोऱ्याने उत्तरेकडून सुसाटत येणारा मिस्त्राल. आकाश स्वच्छ निळं, ऊन लख्ख, आणि चौकात पाऊल टाकलं की डोळ्यांतून पाणी.

"अगं, हा वारा आहे की शिक्षा?" मावशीने विचारलं. प्रोव्हान्समधल्या, म्हणजे आग्नेय फ्रान्सच्या या भागातल्या, जुन्या घरांना उत्तरेकडे खिडक्या का नसतात, हे सांगायची मग गरज उरली नाही.

सामान टाकून आम्ही थेट प्लास द लोर्लोज गाठलं. गावाचा हा मुख्य चौक. नगरपालिका, नाट्यगृह, जुन्या धाटणीचं घोड्यांचं मेरी-गो-राउंड, पानं झडलेले प्लेनचे वृक्ष, आणि डिसेंबरात त्यांच्या मधे मांडलेल्या लाकडी टपऱ्या. नाताळचा बाजार तो हाच. मसाले घातलेली गरम वाइन, वितळलेलं चीज, लव्हेंडरच्या पुरचुंड्या, ऑलिव्ह तेलाचा मार्सेयी साबण, मध, नूगा नावाची मध-बदामाची वडी आणि कुठेही मिळणाऱ्या लोकरी टोप्या. दिवे लागल्यावर चौक देखणा दिसतो, यात शंका नाही. पण बाजार पाहायलाच कोणी आव्हिन्योंला येणार असेल, तर मी त्याला स्ट्रासबुर्गला जा म्हणेन. टपऱ्यांचा हा थाट मूळचा तिकडचा, आल्सासचा. स्ट्रासबुर्गचा बाजार १५७० पासून भरतो, आणि ती रीत फ्रान्सभर पसरली ती अलीकडच्या काही दशकांत. दक्षिणेचा स्वतःचा नाताळ या टपऱ्यांत फारसा सापडत नाही.

एका टपरीत मात्र सापडला. तिथे सांतों होते. मातीच्या रंगवलेल्या छोट्या मूर्ती, बहुतेक बोटभर उंचीच्या, काही तर नखाएवढ्या. येशूजन्माच्या देखाव्यात मांडायच्या. पण हा देखावा बेथलेहेमचा नसतोच, तो प्रोव्हान्समधल्या एखाद्या खेड्याचा असतो. पाणचक्कीवाला, मासळीवाली, धार लावणारा, लसणाच्या माळा घेतलेली बाई, डफवाला, आंधळा म्हातारा आणि त्याचा हात धरलेला मुलगा, मेंढपाळ, गावचा मेयर असे सगळे आपापलं काम तसंच टाकून गोठ्याकडे निघालेले. दिवाळीतल्या किल्ल्यावर शिवाजी महाराज वर सिंहासनावर असतात, पण पोरांचा जीव खालच्या गवळणीत, विहिरीवरच्या बाईत आणि पायऱ्यांवरच्या मावळ्यांत असतो, तसंच इथलं आहे. बाळ येशू तर चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत देखाव्यात नसतोच. गव्हाणी रिकामी ठेवतात. तीन राजे येतात सहा जानेवारीला. सगळं आवरायचं ते दोन फेब्रुवारीला.

ही रीत घराघरांत रुजली ती फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. चर्च बंद झाली, तिथले देखावे बंद झाले, तेव्हा लोकांनी ते घरी मांडायला सुरुवात केली. मार्सेयच्या झाँ-लुई लान्येल नावाच्या कारागिराने साचे करून मातीच्या स्वस्त मूर्ती काढल्या. मार्सेयला सांतोंची जत्रा १८०३ पासून भरते.

विक्रेतीने आम्हाला आधी 'रावी' दाखवला. दोन्ही हात वर करून भारावलेला, गावातला भोळा. बाकीचे सगळे बाळासाठी काहीतरी आणतात, हा रिकाम्या हाताने येतो आणि नुसता आनंदतो. देखाव्यात तो हवाच, असं ती म्हणाली. मावशीने मान डोलावली आणि मोळीवाली उचलली.

"हिला कोण घेणार मग? सगळे त्यालाच घेत असतील."

गुरुवार

सकाळी पोपांचा राजवाडा. वाडा म्हणतात खरा, पण समोर उभं राहिल्यावर किल्लाच वाटतो. जाड भिंती, पन्नास मीटरच्या आसपास चढलेले बुरूज, खाली लहानसं दार. १३३५ ते १३५२ एवढ्या अवधीत त्याचा मुख्य भाग बांधून झाला. बाराव्या बेनेडिक्टने एक वाडा बांधला, साधा आणि कोरडा. त्याच्यामागून आलेल्या सहाव्या क्लेमेंटने त्याला खेटून दुसरा बांधला, आणि त्यात हात आखडता घेतला नाही. दोन पोपांचे दोन स्वभाव आजही एका अंगणातून दुसऱ्यात जाताना कळतात.

पोप इथे कसे? मावशीने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हे मला ऐकावंच लागलं. पाचवा क्लेमेंट फ्रेंच. तो १३०५ मध्ये निवडून आला, रोममधल्या भाऊबंदकीत शिरण्याऐवजी १३०९ मध्ये आव्हिन्योंला येऊन राहिला. चार दिवसांचा मुक्काम जवळजवळ सत्तर वर्षांचा झाला. सात पोप इथून कारभार पाहून गेले. शेवटचा अकरावा ग्रेगरी १३७७ च्या जानेवारीत रोमला परतला. गंमत म्हणजे तेव्हा आव्हिन्यों फ्रान्समध्ये नव्हतंच. ते नेपल्सच्या राणीच्या मालकीचं. सहाव्या क्लेमेंटने १३४८ मध्ये ते तिच्याकडून ऐंशी हजार फ्लोरिनांना विकत घेतलं. त्यानंतर थेट १७९१ पर्यंत, म्हणजे पोप निघून गेल्यावरही चार शतकं, हे गाव पोपांचंच राहिलं. पुढे दोन दिवस या एका गोष्टीने आमची पाठ सोडली नाही.

आत शिरल्यावर पहिलं जाणवतं ते रितेपण. राज्यक्रांतीत सामान लुटलं गेलं, मग इथे तुरुंग झाला, मग लष्कराची बराक. १९०६ पर्यंत सैनिक इथे राहत होते. उंच दालनांत मजले घातले गेले, भिंती पांढऱ्या केल्या गेल्या, आणि भित्तिचित्रांतले चेहरे कापून काढून विकले गेले. तिकिटाबरोबर एक टॅब्लेट देतात. तो दालनात धरला की चौदाव्या शतकातलं दालन पडद्यावर उभं राहतं, पडदे, गालिचे, भांडी सगळ्यासकट. शाळकरी मुलं त्यावरच गुंग होती. मावशीने दोन दालनांतच तो माझ्या हातात दिला. "भिंत समोर आहे आणि मी काचेत बघू?"

भिंती ज्या उरल्या आहेत त्या बघण्यासारख्याच आहेत. पोपच्या झोपायच्या खोलीत निळ्या भिंतीवर वेलीच वेली, त्यांत पक्षी आणि खारी. शेजारी क्लेमेंटची अभ्यासिका, हरणाची खोली म्हणतात ती. १३४३ च्या सुमाराची ही चित्रं. ख्रिस्ती धर्मगुरूच्या अभ्यासिकेत ना क्रूस, ना संत. शिकारी कुत्रे, ससे, झाडावर चढून फळं काढणारी माणसं, आणि एका भिंतीवर मासळीचं चौकोनी तळं, काठावर जाळी-गळ घेऊन बसलेले लोक. मी या खोलीत बराच वेळ काढला. पोपच्या जेवणाची हौस त्या तळ्यातून कळते. क्लेमेंटच्या राज्यारोहणाच्या मेजवानीच्या हिशेबात ११८ बैल आणि १,०२३ मेंढ्यांची नोंद आहे. वरच्या स्वयंपाकघरात गेलं की हे पटतं. अख्ख्या खोलीलाच धुराड्याचा आकार आहे, आठ बाजूंनी निमुळती होत अठरा मीटर वर गेलेली. मध्यभागी चूल आणि वर आकाशाचा ठिपका.

त्याच क्लेमेंटच्या काळात, १३४८ मध्ये, प्लेग आला. त्याच्या वैद्याने त्याला दोन धगधगत्या आगट्यांच्या मधे बसवून ठेवलं, आणि तो वाचला. लोक प्लेगचा दोष यहुद्यांवर टाकून त्यांना मारत सुटले होते, तेव्हा याच पोपने फर्मानं काढून त्याला विरोध केला. खाण्यापिण्याचा शौकीन माणूस म्हणून मी त्याला मोडीत काढलं होतं. मावशी म्हणाली, थांब, इतकी घाई करू नकोस.

वाड्याचं मोठं अंगण नाटकवाल्यांना ठाऊक असेल. झाँ व्हिलार यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या नाट्यमहोत्सवाचा मुख्य रंगमंच तिथेच असतो, जुलैत. डिसेंबरात तिथे फक्त वारा.

दुपारी पूल. सेंट बेनेझेचा हा पूल बाराव्या शतकातला. बेनेझे नावाच्या मेंढपाळ पोराला देवाने पूल बांधायला सांगितलं, ही त्याची कथा. बावीस कमानींचा, सुमारे नऊशे मीटर लांब. पूर आले, कमानी पडत गेल्या, दुरुस्त्या होत गेल्या, आणि सतराव्या शतकात लोकांनी नाद सोडला. आता चार कमानी उरल्यात आणि पूल नदीच्या मध्यातच संपतो. पुलावरच नावाड्यांच्या सेंट निकोलसचं छोटं चर्च आहे. सहा डिसेंबर हा त्याचा दिवस. लाल डगल्यातला म्हातारा मूळचा हाच, हे मावशीने एका फ्रेंच लहान मुलीला मराठीतून सांगून टाकलं. मुलीने 'वी', म्हणजे हो, म्हटलं.

शुक्रवार

शुक्रवारी कार्पाँत्रा, कारण शुक्रवार तिथला बाजाराचा दिवस. आव्हिन्योंहून लोकलने अर्धा तास. ही लाइन कित्येक वर्षं प्रवाशांसाठी बंद होती, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हिवाळ्यात इथे काळ्या ट्रफलचा बाजार भरतो. ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारं हे बुरशीचं फळ. कुत्रा वासाने शोधतो, मालक उकरतो. टोपलीवर फडकं टाकून शेतकरी उभे, व्यापारी वाकून वास घेणार, कुजबुजत भाव ठरणार, तराजू, नोटा, संपलं. बाहेरच्या माणसाला काही कळू नये अशीच ही रचना आहे. वास मात्र सगळ्यांना फुकट. मावशीला तो ओल्या मातीचा आणि थोडा हिंगाचा वाटला.

गावात १३६७ मध्ये स्थापन झालेलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, आहे, फ्रान्समध्ये आजही वापरात असलेल्यांतलं सर्वांत जुनं. बाहेरून ते ओळखूही येत नाही, शेजारच्या घरांसारखंच घर. फ्रान्सच्या राजांनी यहुद्यांना हाकललं तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो पोपच्या या मुलखात. आसरा म्हणजे प्रेम नव्हे. एका बंद गल्लीत राहायचं, रात्री गल्लीचं दार बाहेरून लागायचं, खूण म्हणून पिवळी टोपी घालायची. तरी जगता आलं. क्लेमेंटची ती फर्मानं इथे आल्यावर जास्त कळली.

येताना बेर्लैंगो घेतल्या. फळं पाकवताना उरलेल्या पाकाच्या पट्टेदार गोळ्या. बाकी दिवस बाजारात फिरण्यात गेला, त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

शनिवार

र्यू दे तँत्युरिए, रंगाऱ्यांची गल्ली. सोर्ग नदीचा एक कालवा दगडी घरांना लागून वाहतो. त्यावर एकेकाळी तेवीस पाणचक्र्या होत्या, आता शेवाळलेली चार चाकं उरलीत. वाऱ्याला इथे शिरायला जागा नाही, म्हणून आम्ही सकाळभर इथेच.

हिंदुस्थानची छापील सुती कापडं सतराव्या शतकात मार्सेय बंदरातून आली आणि फ्रान्स त्यांच्यामागे वेडा झाला. धुतली तरी रंग जात नाहीत, हे तिथल्या लोकांना नवलच होतं. मग इथेच त्यांच्या नकला सुरू झाल्या. त्या कापडाला आजही 'अँदिएन' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी. देशी रेशीम आणि लोकर विकणाऱ्यांनी ओरड केल्यावर राजाने १६८६ मध्ये आयात आणि छपाई, दोन्हींवर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. पण आव्हिन्यों राजाचं नव्हतं, पोपचं होतं! बंदी तटबंदीच्या बाहेरच राहिली आणि आत छपाई जोरात चालली. शेवटी फ्रान्सने पोपशी करार करून १७३४ मध्ये हा धंदा बंद पाडला. आज दुकानादुकानांत 'अस्सल प्रोव्हान्साल' म्हणून पिवळ्या-निळ्या बुट्ट्यांचे टेबलक्लॉथ मिळतात. मावशीने त्यातलं एक उलटसुलट करून पाहिलं, कोयऱ्यांवर बोट ठेवलं आणि किंमत पाहून परत ठेवलं.

रंगाचीही एक कथा आहे. मंजिष्ठेची, म्हणजे मुळांतून लाल रंग देणाऱ्या वनस्पतीची, लागवड अठराव्या शतकात या भागात वाढवली झाँ आल्तेन या आर्मेनियन माणसाने. त्याच्या नावाचं गावच आहे जवळ. फ्रेंच सैनिकांच्या लाल विजारी मंजिष्ठेने रंगायच्या. कीटकांचा अभ्यासक झाँ-आँरी फाब्र आव्हिन्योंला शिक्षक होता. तोही या मुळांतून शुद्ध रंग काढायच्या खटपटीत होता आणि त्याला ते साधलंही. तेवढ्यात जर्मनांनी तोच रंग प्रयोगशाळेत बनवला. काही वर्षांतच शेतं गेली.

दुपारचा कार्यक्रम मावशीचा. सातारा सोडतानाच तिने सांगून ठेवलं होतं, आव्हिन्योंला मिल आहे.

जॉन स्टुअर्ट मिल, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ. १८५८ च्या नोव्हेंबरात तो बायकोला घेऊन दक्षिणेकडे निघाला होता. हॅरिएट आव्हिन्योंच्या हॉटेलात आजारी पडली आणि गेली. मिलने स्मशानाजवळच घर घेतलं, आणि पुढची पंधरा वर्षं दरवर्षी कित्येक महिने तिथे येऊन राहिला. १८७३ मध्ये तोही इथेच वारला. तटबंदीबाहेर, सेंट व्हेराँच्या स्मशानात दोघांची एकच कबर आहे, पांढऱ्या संगमरवराची. वरचा लांबलचक इंग्रजी मजकूर मिलने हॅरिएटसाठी लिहिलेला. तिच्यासारखी मनं आणि बुद्धी थोडी जरी असती तर ही पृथ्वी कधीच स्वर्ग झाली असती, अशा अर्थाचं त्यात वाक्य आहे. त्याचं स्वतःचं नाव नंतर, थोडक्यात.

मावशीने ते सगळं चष्मा पुसत वाचलं. आगरकरांच्या पिढीने डेक्कन कॉलेजात मिल वाचला आणि स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल, संमतिवयाबद्दल तिकडे जे वाद पेटले त्यांत त्याचा वाटा होता. हे तिने वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेलं. पण ती एवढ्यावर थांबली नाही.

"पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलीय याने. लंडनला. देशी संस्थानांचा पत्रव्यवहार याच्या टेबलावरून जायचा."

"हो, वाचलंय मी."

"सातारचं राज्य खालसा केलं १८४८ मध्ये. तेव्हा हा तिथेच होता की कामाला."

स्वातंत्र्यावर लिहिणारा तो हाच आणि रानटी लोकांना स्वातंत्र्य पेलत नाही म्हणणाराही हाच. मी विचारलं, मग फूल वाहायचं की नाही? तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं छोटं पांढरं फूल काढलं. सकाळी हॉटेलच्या टेबलावरून उचललं होतं. "हे हॅरिएटला," म्हणाली. "त्याच्याशी माझं अजून संपलेलं नाही."

रात्री सेंट पियेर चर्चमध्ये नाताळची गाणी होती. चर्चचे अक्रोडाचे कोरीव दरवाजे १५५१ चे. सतराव्या शतकात निकोला साबोली इथला संगीतप्रमुख होता. त्याने नाताळची गाणी रचली ती लॅटिनमध्ये नव्हे, फ्रेंचमध्येही नव्हे, इथल्या लोकांच्या प्रोव्हान्साल भाषेत, मेंढपाळांच्या तोंडी. साडेतीनशे वर्षांनीही ती गातात. शेजारच्या आजोबांनी शब्द न बघता सगळी म्हटली. त्यांच्या नातीला एकही येत नव्हतं, ती फोनवर शब्द शोधत होती.

रविवार

परतीची गाडी दुपारी. सकाळी लेझ आल, म्हणजे झाकलेली मंडई. बाहेरची एक अख्खी भिंत झाडांनी मढवलेली आहे, पात्रिक ब्लाँ यांचं काम. सोमवारी मंडई बंद असते आणि दुपारी लवकर आटोपते, एवढं लक्षात ठेवा.

प्रोव्हान्सचा नाताळ चौकात नाही म्हटलं होतं, तो इथे आहे. चार डिसेंबरला, सेंट बार्बच्या दिवशी, लोक तीन बशांत ओल्या कापसावर गहू पेरतात. गहू सरळ, हिरवागार उगवला तर वर्ष चांगलं जाणार. मंडईतल्या कित्येक गाळ्यांवर त्या बशा होत्या, कोंब चांगले वितभर. चोवीसच्या रात्री त्या जेवणाच्या टेबलावर ठेवतात. टेबलावर तीन चादरी, तीन मेणबत्त्या. मध्यरात्रीच्या प्रार्थनेआधीचं ते जेवण बिनमांसाचं, खारवलेला कॉड मासा, भाज्या, गोगलगाई. मावशीचं तोंड गोगलगाईपाशी वाकडं झालं.

त्यानंतर तेरा गोड पदार्थ. येशू आणि बारा शिष्य मिळून तेरा. त्यांतले चार ठरलेले, सुके अंजीर, बदाम, मनुका आणि अक्रोड किंवा हेझलनट. भिक्षेवर जगणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या चार पंथांच्या झग्यांचे हे रंग. ऑलिव्ह तेलाची चपटी गोड पोळी, पोंप, असायलाच हवी, आणि ती सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची. मग पांढरा आणि काळा नूगा, खजूर, संत्री, पाकवलेली फळं, क्विन्स या फळाची बर्फी. पुढे प्रत्येक गावाची यादी वेगळी, प्रत्येक घराचीही.

आम्ही ज्या गाळ्यावर उभ्या होतो, तिथल्या बाईने मोजून बारा पुड्या बांधल्या. मागे रांगेत उभ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हरकत घेतली. पांढरा नूगा आणि काळा नूगा मिळून एकच धरायचा, त्यांच्या आईने कायम तसंच धरलं. म्हणजे अकराच झाल्या. बाई म्हणाली, दोन वेगळे पदार्थ, वेगळी कृती, एक कसा? तिसऱ्या बाईंनी संत्री आणि मँडरीनचा मुद्दा काढला. रांग खोळंबली, कोणालाही घाई नव्हती. मावशीला भाषा कळत नव्हती, भांडण पूर्ण कळत होतं. तिने बेर्लैंगोंची पिशवी काढून गल्ल्यावर ठेवली.

गृहस्थ म्हणाले, त्या कार्पाँत्राच्या, आव्हिन्योंच्या टेबलावर नाही चालायच्या. तेव्हा आम्ही पापालीनही घेतल्या, आव्हिन्योंच्याच, गुलाबी चॉकलेटच्या आत ओरेगानोचं मद्य भरलेल्या. मग वाद मिटायची वाट न बघता स्टेशनाकडे निघालो.